वरच्या मजल्यावरचा मुका टीव्ही

आमच्या घरात आलेला पहिला टीव्ही बोलत नव्हता. तो बिघडलेला नव्हता, हे आधीच सांगून टाकते, कारण ही गोष्ट मी जिथे जिथे सांगितली तिथे कुणीतरी मध्येच म्हणतं, "मग दुरुस्त का नाही करून घेतला?" अमेरिकेतल्या एका बंदरावरच्या दुकानात तो उत्तम चालत होता. रंगीत होता, त्याला आवाज होता, लाकडी खोकं होतं, बटणं चकचकीत होती. लोअर परळला आमच्या तिसऱ्या मजल्यावर आल्यावर त्याचा रंग गेला, आवाज गेला आणि चित्र खालून वर सरकत राहिलं. तरी आम्ही तो चार वर्षं पाहिला. दर रविवारी, खोली भरून पाहिला, आणि मला विचाराल तर त्याच्याइतका चांगला टीव्ही त्यानंतर माझ्या नशिबी आलेला नाही. आज आमच्याकडे अर्ध्या भिंतीएवढा टीव्ही आहे आणि सून त्याला नुसतं तोंडाने सांगते, हे लाव, ते लाव. त्यातली माणसं पाच मिनिटं बोलली की मला कंटाळा येतो आणि मी आवाज बंद करून टाकते. सून म्हणते, "आई, तुम्ही नुसतं चित्र बघत बसता?" मी म्हणते, हो, मला सवय आहे.

आमची खोली जिन्याला लागून, दहा बाय बाराची. तिच्यात आई, दादा, मी, माझी सात वर्षांची बहीण बेबी आणि जेवणाच्या वेळी सहा गडी माणसं. दादा म्हणजे आमचे वडील. सगळी चाळ त्यांना दादा म्हणायची म्हणून आम्हीही म्हणायचो. ही सहा माणसं दादांबरोबरच गिरणीत होती. त्यांची बायकामुलं रत्नागिरीकडे गावाला, आणि आई त्यांची खानावळ चालवायची. पहाटेपासून स्टोव्हची फरफर, भाकरी थापल्याचे आवाज, पितळी ताटं एकात एक घातल्याचा खणखणाट. सुका बोंबील तव्यावर पडला की वास सगळ्या मजल्यावर फिरायचा आणि गॅलरीतून कुणीतरी हमखास हाक मारायचं, "कुंदाच्या आई, एक तुकडा इकडं पण." कुंदा म्हणजे मी. सोमवारी कुळथाची पिठी असायची. रविवारी दुपारी वजडी, आणि वजडी असली की दादा जेवायला बसलेले लवकर उठायचे नाहीत. आई वाढता वाढता म्हणायची, "आता पुरे, रात्री पण माणसं जेवणार हायत," आणि आणखी एक पळी घालायची.

आमच्या पंक्तीची एक गंमत होती. सात माणसं जेवायला बसायची आणि आवाज फक्त चावण्याचा. नवख्याला वाटावं यांच्यात काहीतरी बिनसलंय. बिनसलेलं काही नसायचं, गप्पाच चाललेल्या असायच्या. सगळे लूमखात्यातले. तिथे शेकडो साचे, म्हणजे माग, एकदम खडखडतात, शेजारच्याने कानाशी तोंड नेऊन बोंब मारली तरी ऐकू येत नाही. म्हणून तिथली माणसं ओठ हलवून बोलतात आणि ओठ बघून ऐकतात. चार साच्यांच्या पलीकडून एकजण सासऱ्याच्या आजारपणाची सगळी हकिकत सांगतो आणि इकडचा मान डोलावत राहतो. आठ तास असं बोलल्यावर घरी येऊन आवाज काढायचा त्यांना कंटाळा यायचा. जाधवमामा आमचे सगळ्यात जुने जेवणारे. त्यांना भाकरी हवी असली की ते नुसते ओठ हलवायचे, आणि आई स्टोव्हपाशी बसून ते वाचायची. पाहून पाहून मीही शिकले, आणि माझ्याकडून माझी एक मैत्रीण शिकली. वर्गात आम्ही दोघी दोन बाकांवरून बोलायचो आणि बाईंना काही कळायचं नाही.

या लूमखात्याबद्दल आणखी एक सांगायला हवं. माझे आजोबा त्याच गिरणीत जन्मभर राबले, पण त्या खात्यात त्यांना काम मिळालं नाही. तेव्हा धोट्यातला धागा तोंडाने ओढून घ्यावा लागे, आणि आमच्या तोंडाचा धागा बाकीच्यांना चालत नसे. दादांच्या वेळेपर्यंत ते सगळं मागे पडलं आणि दादा तिथे चार साचे चालवायला लागले. त्याचा त्यांना ताठा होता. हा ताठा ते लपवतही नसत. कुणी विचारलं कुठल्या खात्यात, तर "लूम" हा एक शब्द ते असा म्हणायचे की पुढे काही विचारायची सोय राहायची नाही.

आमच्या चाळीत तिसरा मजला आमच्या लोकांचा होता. खालचे दोन मजले कोकणातल्याच, पण दुसऱ्या घरांचे. असं कुठे लिहून ठेवलेलं नव्हतं. गणपतीची वर्गणी वरून खाली जायची, जयंतीची वर्गणी खालून वर यायची, नळावर भांडणं व्हायची ती सगळ्यांची सगळ्यांशी व्हायची. चाळीतला पहिला टीव्ही आला तो दुसऱ्या मजल्यावर गावड्यांकडे, आणि रविवारच्या सिनेमाला सगळ्या चाळीची मुलं तिथे लोटायची. गावडेकाकूंची शैला माझ्या वर्गात होती. ओठांनी बोलायला शिकलेली ती माझी मैत्रीण हीच. शाळेत आम्ही एका डब्यात खायचो. पण रविवारी शैला आणि तिच्या मजल्यावरची मुलं आत चटईवर बसायची, आणि आम्ही वरची मुलं उंबऱ्याबाहेर गॅलरीत. कुणी आम्हाला "बाहेर बसा" म्हटल्याचं मला आठवत नाही. आम्ही आपणहून बसायचो, कारण आमच्याआधीची मुलंही आपणहूनच बसली असणार. तिथून अर्धा पडदा दिसायचा. दाराच्या चौकटीमुळे हिरो दिसला तर हिरॉइन दिसायची नाही.

एका रविवारी बेबीला तिथेच झोप लागली. माझ्या मांडीवरून तिचं डोकं घसरलं आणि उंबऱ्यापलीकडे त्यांच्या चटईच्या टोकावर टेकलं. माझं लक्ष सिनेमात होतं. काकूंनी पाहिलं आणि म्हणाल्या, "पोरीक घेऊन जा गो, मान अवघडतली तिची." आवाज प्रेमळ होता. मी तिला उचलून वर नेलं. दुसऱ्या दिवशी सकाळी आई गॅलरीत डाळ निवडत बसली होती, तिने खाली पाहिलं तर काकूंच्या कठड्यावर ती चटई वाळत घातलेली. धुतलेली, टपटप पाणी गळत असलेली. बाकी काही धुणं नव्हतं, फक्त चटई. आईने मला हाक मारून जवळ बोलावलं, चटईकडे बोट केलं आणि विचारलं, "काल काय झालं?" मी सांगितलं. ती पुन्हा कामाला लागली. डाळ निवडून झाल्यावर म्हणाली, "वही आण. गौतममामाला पत्र लिहायचंय."

गावडेकाकू वाईट बाई नव्हत्या. मला गोवर झाला तेव्हा त्यांनी कडुलिंबाचा पाला आणून दिला होता, आमच्या आईच्या बाळंतपणात त्या जिना चढून चौकशीला आल्या होत्या, दाराशी उभ्या राहून. हे मी लिहिते आहे, कारण असं लिहिलं नाही तर वाचणाऱ्यांना मी खुनशी वाटेन. वाटू दे. चटई त्यांनीच धुतली होती.

गौतममामा आईचा धाकटा भाऊ, बोटीवर इंजिनखोलीत कामाला होता. वर्षातून एकदा यायचा तेव्हा सेंटच्या बाटल्या, साबण, आमच्यासाठी चॉकलेटं आणायचा. आईने मला पत्रात लिहायला सांगितलं ते असं : "साबण नको. सेंट नको. पोरींना काय नको. टीव्ही आण. मोठा आण." मामाने आणला. रे रोडच्या बाजूने टॅक्सीच्या टपावर बांधून, खालून हाका मारत. जाधवमामा आणि आणखी तिघांनी तो तीन जिने वर चढवला. दुसऱ्या मजल्यावर ते दम खायला थांबले आणि नेमके गावड्यांच्या दारासमोर थांबले. दम कितीसा लागला होता ते त्यांनाच ठाऊक, पण खोकं चांगलं पाच मिनिटं तिथे होतं.

मामा हुशार माणूस. तिकडचा करंट वेगळा असतो आणि इकडे सरळ जोडला तर टीव्ही जळून जातो, हे त्याला ठाऊक होतं. त्यासाठी त्याने बोटीवरच्या इलेक्ट्रिशियनला विचारून वजनदार ट्रान्सफॉर्मरही आणला होता, आणि तो जोडताना सगळ्यांना समजावून सांगत होता. करंटचा प्रश्न सुटला म्हणजे टीव्हीचे सगळे प्रश्न सुटले, असं त्याला वाटलं होतं. आम्हालाही वाटलं. टीव्हीसारखा टीव्ही, त्यात आणखी काय वेगळं असणार? आईने दुपारीच शिरा करून ठेवला होता. भिंतीवरच्या दोन्ही फोटोंपुढे मेणबत्ती लावली. वरच्या मजल्यावरची सगळी माणसं आत बसली, मुलं सगळ्यात पुढे. उंबऱ्याबाहेर कुणी बसायचं नाही हे आईने आधीच बजावलं होतं, त्यामुळे एकमेकांच्या मांडीवर बसलो होतो. मामाने बटण दाबलं. ट्रान्सफॉर्मर गुणगुणला. पडद्यावर काळीपांढरी, बांबूसारखी उंच माणसं आली आणि एकामागून एक वर सरकून छतात गेली. आवाज नाही. नुसता सूं सूं. मामाने सगळी बटणं फिरवली. त्या शांततेत खालून गावड्यांच्या टीव्हीवरचं त्याच सिनेमातलं गाणं स्पष्ट ऐकू यायला लागलं. मग खालून कुणीतरी मोठ्याने म्हणालं, "काय रे, वरच्यांचा मुका हाय वाटतं," आणि ते लोक हसले. आई उठली आणि शिरा वाढायला लागली.

लॅमिंग्टन रोडवरून मामाने एक मेकॅनिक आणला. त्याने मागचं झाकण काढलं, आत डोकावला आणि मान हलवली. तो म्हणाला, मशीनमध्ये काही खराबी नाही, पण हा अमेरिकेच्या सिस्टीमचा. तिथे सेकंदाला जितकी चित्रं पाठवतात तितकी आपल्याकडे पाठवत नाहीत, म्हणून चित्र धावतं. रंग पाठवायची रीत वेगळी, म्हणून रंग नाही. आवाज चित्रापासून जितक्या अंतरावर ठेवतात ते अंतर वेगळं, म्हणून हा आवाज शोधतो तिथे तो नसतो. आज मोबाईलमध्ये बोट फिरवून नातू मला हेच सगळं सांगतो, पण त्या मेकॅनिकइतकं सोपं करून नाही. चित्र थांबवता येईल, तो म्हणाला. मागे एक छोटी खुंटी आहे, ती हलक्या हाताने धरून ठेवावी लागेल, टीव्ही तापला की पुन्हा सरकेल, पुन्हा फिरवायची. आवाजाचं काही होणार नाही. "चोरबाजारात द्या, पार्टचे पैसे येतील," असं म्हणून तो चहा पिऊन गेला.

मामाचा चेहरा पडला. तो आईला म्हणाला, "ताई, मी विकून टाकतो, पुढल्या फेरीला दुसरा आणतो, सिंगापूरवरून." आई म्हणाली, "टीव्ही हलणार नाय." मामा म्हणाला, "अगं, पण लोक हसतात." आई म्हणाली, "हसू दे. माझ्या पोरी माझ्या घरात बसून बघतील. जे दिसंल ते बघतील." दादा इतका वेळ खाटेवर बसून ऐकत होते. त्यांनी मला खुणेने बोलावलं आणि टीव्हीच्या मागे बसवलं. "खुंटी धर," ते म्हणाले. आईने भिंतीवरचा आरसा काढून टीव्हीपुढे एका बाजूला, माझ्यासमोर, ट्रंकेवर टेकवून ठेवला, म्हणजे मला पडदा दिसावा. चार वर्षं मी तिथे बसले. त्या काळातले सगळे सिनेमे मी उलटे पाहिलेत. डावखुरे हिरो, उजव्या खांद्यावर पदर घेणाऱ्या बायका. आणि आरशाच्या वरून मला बघणाऱ्यांचे चेहरे दिसायचे, जे बाकी कुणालाच दिसत नव्हते.

पहिल्या रविवारी चित्र थांबलं आणि तेव्हा कुणीतरी सुचवलं की दार उघडं ठेवलं तर खालचा आवाज वर येतो, चित्र आपलं आणि आवाज त्यांचा, काम भागेल. खरोखरच भागलं असतं. सिनेमा तोच, वेळ तीच. आई उठली, तिने दार लावलं आणि आतून कडी घातली. "त्यांचा आवाज माझ्या घरात नको," ती म्हणाली. खोलीत उकडत होतं, पंखा गरम हवा फिरवत होता, पडद्यावर एक म्हातारा एका तरुणाला हातवारे करून काहीतरी सांगत होता, आणि आम्ही गप्प बसलो होतो. तेवढ्यात जाधवमामा म्हणाले, "हा बाप हाय त्याचा. म्हणतोय, माझ्या घरातून चालता हो." सगळ्यांनी वळून पाहिलं. जाधवमामा ओशाळले. पण दादा पुढे सरकले, पडद्यासमोर मांडी घालून बसले, एकदा घसा साफ केला आणि म्हणाले, "चालता हो. आणि जाताना आईच्या पाया पड."

असा आमचा टीव्ही बोलायला लागला. दादा पडद्यावरचे ओठ वाचायचे आणि मराठीत बोलायचे. जिथे कॅमेरा पाठीमागून असेल तिथे जाधवमामा अंदाज सांगायचे, जिथे दोघेही अडत तिथे बाकीचे लूमवाले भांडत. तरुणपणी दादा जलशात काम करायचे. ढोलकीवाला मित्र वारल्यावर ते सोडलं होतं. तो गळा आता पुन्हा लागला. बाईचा आवाज, पोलिसाचा आवाज, शेठजीचा आवाज, सगळे एकटेच काढायचे. गाणी लागली की वरच्या मजल्यावरच्या बायका आपली गाणी म्हणायच्या. पहिले तीन-चार रविवार दादांनी इमानाने काम केलं; ओठांवर होतं तेच बोलले. मग एका सिनेमात गिरणीचा मालक कामगारांपुढे भाषण करतो असा प्रसंग आला. मालक म्हणत होता, तुम्ही सगळे माझी मुलं आहात. दादांनी ते वाचलं, आणि थांबले. "हे मी बोलणार नाय," ते म्हणाले. मग त्यांनी मालकाच्या तोंडी दुसरंच भाषण घातलं. मालक म्हणाला, बाबांनो, मी लबाड माणूस आहे, माझ्या बापाची गिरणी आहे, मला यातलं काही कळत नाही, तुम्हीच चालवा. लूमवाल्यांना खरे ओठ दिसत होतेच. ते पोट धरधरून हसले.

त्यानंतर इमान गेलं ते गेलंच. खाली गावड्यांच्या टीव्हीवर हिरॉइन धाय मोकलून रडत असायची आणि त्याच वेळी वरून पन्नास माणसांचं हसणं ऐकू जायचं. खालच्यांना काही कळेना. आमच्याकडचा टीव्ही दुरुस्त झाला असं कुणी म्हणायचं, वेगळाच सिनेमा दिसतो असंही कुणी म्हणायचं. शाळेत शैलाने मला विचारलं, "तुमच्याकडे काय लागतं गं?" मी सांगितलं, तुमच्याकडे लागतं तेच. ती म्हणाली, "मग हसता कशाला?" मी म्हटलं, ये आणि बघ. म्हणताना मी मुद्दाम ताठ मानेने म्हटलं, कारण ती येणार नाही अशी माझी खात्री होती.

शैला आली. अभ्यासाची वही घेऊन आली, घरी तसं सांगितलं असणार. दारात थांबली. आईने तिच्याकडे पाहिलं आणि बाजूला सरकून आपल्या शेजारी चटईवर जागा केली. शैला आत आली आणि बसली. मी टीव्हीमागून तिचा चेहरा बघत होते. त्या दिवशीचा सिनेमा म्हणजे एका सुनेचा छळ. सासरा श्रीमंत, त्याने खोटा आळ घेऊन तिला हाकलून दिलेलं, आणि शेवटी दोष सगळा त्याचा असताना तीच परत येऊन त्याच्या पायाशी वाकते. ओठ सगळ्यांना दिसले. मला आरशात उलटेसुद्धा दिसले. माफ करा, ती म्हणत होती. दादा म्हणाले, "ही माफी मागत नाय. ती चप्पल शोधतेय. सासऱ्याच्या थोबाडीत मारायला." खोली उसळली. शैला इतकी हसली की तिने तोंडावर वही धरली. शैला आत आल्यावर दार लावायचं राहून गेलं होतं, आणि त्या दारात गावडेकाकू उभ्या होत्या.

"शैला," काकू म्हणाल्या. "ऊठ. घराक चल."

दादा बोलायचे थांबले. पडद्यावर ती बाई वाकलेलीच होती. आई म्हणाली, "काकू, आत या ना. शेवटच चाललाय."

काकूंनी पडद्याकडे पाहिलं. मला त्यांचा चेहरा नीट दिसत होता आणि मी शपथेवर सांगेन, त्यांना बघायचं होतं. एवढं हसू कशाचं येतं हे त्यांनाही कित्येक रविवार कळत नव्हतं. त्यांनी चौकटीला हात टेकला, उंबऱ्याबाहेर पाऊल नीट रोवलं आणि म्हणाल्या, "नको गो. मी हयच बरी. हयसून दिसता."

आई उभी राहिली. तिचा आवाज चढला नाही. पंक्तीत भाकरी हवी का विचारायची त्याच आवाजात ती म्हणाली, "आमच्याकडं दारात कुणाला बसवत नाय, काकू. आत यायचं, नायतर आपल्या घरी जायचं. आत जागा हाय."

मला आईचा इतका अभिमान वाटला की माझा हात खुंटीवरून सुटला. चित्र सरकायला लागलं, सून आणि सासरा एकामागून एक वर निघाले. कुणाचं लक्ष नव्हतं. काकूंचा चेहरा लाल झाला होता. त्या म्हणाल्या, "स्टोवार भात ठेवन इलंय मी," आणि मग, "शैला, येतस मां?"

शैलाने आईकडे पाहिलं नाही. तिने टीव्हीच्या मागे माझ्याकडे पाहिलं आणि नुसते ओठ हलवले. काय करू? मी ओठांनीच सांगितलं, बस. आम्हाला वाटलं आमचं बोलणं आमच्यात राहिलं. त्या खोलीत सात लूमवाले आणि माझी आई बसलेली होती, आणि सगळ्यांनी ते वाचलं होतं, हे मला नंतर जाधवमामांनी सांगितलं. शैला वळली आणि तोंडाने, सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाली, "संपल्यावर येते, आई."

काकू गेल्या. जिना उतरताना त्यांच्या बांगड्यांचा आवाज आला आणि मग दार लागल्याचा.

लोक मला विचारतात, मग पुढे त्या कधी आत आल्या का? त्यांना वाटतं अशा गोष्टीच्या शेवटी त्या आत येतात, आई चहा टाकते आणि सगळ्यांचे डोळे भरून येतात. नाही आल्या. चार वर्षांत नाही, चाळ पडेपर्यंत नाही. नळावर भेटायच्या, बोलायच्या, बेबीच्या लग्नात अहेर घेऊन हॉलवर आल्या आणि जेवून गेल्या, पण आमच्या खोलीचा उंबरा त्यांनी ओलांडला नाही. शैलाला त्या संध्याकाळी मार बसला. पुढचे तीन रविवार तिला सोडलं नाही. चौथ्या रविवारी ती आली, वही न घेता आली, आणि त्यानंतर तिला कुणी अडवल्याचं मी पाहिलं नाही. आईचं चुकलं असं मला आजवर एकदाही वाटलेलं नाही. एखाद्या बाईला लाजवायचं नसतं, पाहुणीला असं बोलायचं नसतं, हे मला पुष्कळांनी शिकवून पाहिलं. पाहुणा आत येतो. बाहेर उभं राहून आपल्या घरात बघणारा पाहुणा नसतो.

पण हे सगळं नंतरचं. त्या वेळी खोलीत कुणी हालत नव्हतं. बायका पदराशी चाळा करत होत्या, लूमवाल्यांचे ओठसुद्धा बंद होते. शैला ताठ बसली होती, डोळे भरलेले, समोर बघत. मी खुंटी धरली आणि हळूहळू चित्र थांबवलं. सिनेमा आमच्यासाठी थांबला नव्हता. सासऱ्याने सुनेला कधीच उठवलं होतं, घरातली सगळी माणसं ओळीने हात जोडून उभी होती, कुणीतरी कुणाला पेढा भरवत होतं. आता संपणारच होता. दादांनी त्या पेढ्याकडे पाहिलं, मग आमच्याकडे वळले.

"हं," ते म्हणाले. "कुठं होतो आपण?"

मग आईच्या शेजारून आवाज आला, अजून जरा कापरा. "ती चप्पल शोधतेय," शैला म्हणाली.

"बरं," दादा म्हणाले. "सापडली का?"

शैलाने डोळे पुसले आणि पडद्याकडे बघितलं.

"सापडली."